गॅरेजमधले विमान आणि माझ्या हातच्या चुका

(गतवर्षीच्या उत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले काही हिंदी शब्द स्मरणिकेसाठी बदलले आहेत, बाकी जसे बोललो तसे.)



मी काही वक्ता नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, त्याला आता चोवीस वर्षे होतील. त्यातली बहुतेक वर्षे मालगाडीच्या वॅगनदुरुस्तीत गेली. आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे, माझी नोकरी बाहेरगावी आणि मी शनिवार-रविवारचा झाशीकर. आमचे कार्यवाह दरवर्षी सांगतात, "साहेब, रेल्वेतल्या गमतीजमती सांगा." मी दरवर्षी टाळतो. कारण ज्या गमती सांगण्यासारख्या असतात, त्या नोकरीत असेपर्यंत सांगता येत नाहीत. यंदा त्यांनी पाठ सोडली नाही. तेव्हा मी म्हटले, रेल्वेचे राहू द्या, विमानाचे सांगतो. ते म्हणाले, तुमचा आणि विमानाचा काय संबंध? तो संबंध असा.

माझा मावसभाऊ तीस वर्षांपासून अमेरिकेत आहे. ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या एका गावात राहतो. मी त्याला दादा म्हणतो. काका गेल्यापासून मावशीही तिकडेच असते. मावशी मूळची ग्वाल्हेरची, आज त्र्याऐंशी वर्षांची आहे. २०२३ साली तिने फोनवर सांगितले, "मला आता इतका प्रवास झेपायचा नाही, तूच ये." मग साठलेली रजा, एनओसी, व्हिसा सगळे जमवून एप्रिल महिन्यात मी पाच आठवड्यांसाठी गेलो.

पहिल्याच दिवशी पाहिले, तर दादाची मोटार बाहेर पावसात उभी आणि गॅरेजात विमान! विमान म्हणजे तेव्हा नुसते शेपूट. आडवे स्थिर पंख तयार होऊन भिंतीला टांगलेले, उभ्याचा सांगाडा टेबलावर, आणि बाकी पत्रे कपाटात पुठ्ठ्यांमध्ये गुंडाळून ठेवलेले. मावशी म्हणाली, "दोन वर्षं झाली. आधी मला वाटलं पाण्याची टाकी करतोय."

तिकडे हा प्रकार नवा नाही. घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांची ईएए नावाची संस्था १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात सुरू झाली. कायदा असा आहे की, विमानाच्या बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेले असले पाहिजे. शेवटी सरकारी तपासणी होते, विमानात ठळक अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल' लिहावे लागते आणि सुरुवातीचे ठरावीक तास नेमून दिलेल्या हद्दीतच, प्रवासी न घेता उडवावे लागते. दादाने घेतलेला संच व्हॅन्स कंपनीचा. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन या इंजिनियरने ती १९७३ साली काढली आणि तिच्या संचांवरून बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. आपल्याकडेही हे झालेले आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची रीतसर नोंदणीही झाली. गच्चीवर! आपल्याकडे गच्चीवर पापड वाळत घालायलासुद्धा सोसायटीची परवानगी लागते.

दादाचे विमान दोघांचे आहे. शेजारीशेजारी बसायचे. पूर्ण ॲल्युमिनियमचे, आणि सगळे रिव्हेटने जोडलेले. वेल्डिंग नाही. दहा हजारांहून जास्त रिव्हेट एका विमानाला लागतात. हे ऐकले आणि माझी छाती फुगली. म्हटले, दादा, तू कॉम्प्युटरवाला माणूस. रिव्हेट हा माझा विषय आहे.

आमच्याकडे वॅगनच्या सेंटर पिव्हटला जी रिव्हेट लागते ती अंगठ्याएवढी जाड असते. भट्टीत लालभडक तापवायची, चिमट्याने उचलून भोकात घालायची, एकाने मागून डॉली दाबून धरायची आणि दुसऱ्याने पुढून गन चालवायची. गार होताना ती आकसते आणि दोन्ही प्लेटी घट्ट आवळून धरते. मग हातोडीने टिचकी मारून आवाज ऐकायचा. ढिली असेल तर आवाज वेगळा येतो. हे काम मी हजारोंनी पाहिले, केले आणि तपासले आहे. दादाने माझ्या तळहातावर एक रिव्हेट ठेवली. तिची जाडी २.४ मिलीमीटर. मला वाटले, ही टाचणी आहे, रिव्हेट कुठे आहे?

पहिली चूक अर्ध्या तासातच झाली. रडरचा, म्हणजे उभ्या सुकाणूचा, पत्रा अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास जाड. आतून त्याला आधारपट्ट्या लावायच्या असतात. कोणती पट्टी कुठे, हे लक्षात राहावे म्हणून मी वर्कशॉपच्या सवयीने खिशातला स्क्राइबर काढला आणि पत्र्यावर सुरेख १, २, ३, ४ कोरले. दादाने पाहिले आणि खुर्चीत बसला.

ह्या पत्र्याचे असे आहे. आतला गाभा मजबूत मिश्रधातूचा. त्यात तांबे असते, म्हणून ताकद येते, पण त्यानेच तो लवकर गंजतोही. म्हणून दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर दिलेला असतो, जाडीच्या सुमारे पाच टक्के. आपल्या पितळी भांड्यांच्या कल्हईसारखा. मी कल्हई खरवडली होती. शिवाय स्क्राइबरची रेघ म्हणजे खाच, आणि थरथरणाऱ्या पत्र्यात तडा जायला खाच शोधतच असतो. वॅगनला आम्ही छिन्नीने नंबर ठोकतो, तिला कळतही नाही. तिथे लोखंड भरपूर असते. इथे वजन वाचवायचे म्हणून लागेल तेवढाच धातू ठेवलेला, खरवडायला काही शिल्लकच नाही.

ओशाळून मी म्हटले, बरं, पेन्सिलने लिहितो. दादा म्हणाला, "पेन्सिल तर मुळीच नको." पेन्सिलीतले ग्राफाइट ॲल्युमिनियमला चिकटून राहिले आणि दमटपणा आला, की तिथे छोटीशी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. चोवीस वर्षे धातूत काम करून हे मला ठाऊक नव्हते. तिथे साध्या मार्करने लिहितात. माझे ते सुरेख आकडे बारीक पॉलिश पेपरने घासून काढायला आम्हा दोघांना संध्याकाळ लागली. सुदैवाने ते फार खोल गेलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याच पत्र्यावर रिव्हेट मारायच्या होत्या. इथे पद्धत उलटी. रिव्हेटचे डोके खाली, पोलादी पाटावर. आणि गन वरून शेपटीवर. पाट टेबलातच बसवलेला. रांगेने जायचे, पत्रा सरकवत. मी रंगात आलो. गन आवाज करते, हात चालतो, छान वाटते. सहावी की सातवी रिव्हेट मारताना आवाज बदलला. ठणठण यायचा तो बद्द आला. आवाजावरून रिव्हेट ओळखणारा मी, पण बोट सुटेपर्यंत उशीर झाला. पाट संपला होता आणि रिव्हेटखाली लाकूड होते. डोके लाकडात गेले आणि पत्र्याला खड्डा पडला. वर मी हवेचा दाबही आमच्या सवयीने जास्त ठेवलेला. असल्या बारीक रिव्हेटला चाळीस पौंडांच्या आसपास पुरतो.

मला वाटले, पत्रा गेला. दादाने बोट फिरवून पाहिले. भोक फाटलेले नव्हते, तडा नव्हता. म्हणाला, "ही दिसते आहे. राहू दे." तो खड्डा आजही त्या रडरवर आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

मग दादाने मला सरावाचे तुकडे दिले. मोठ्या भावाचा मान राखून सांगतो, चोवीस वर्षांच्या अनुभवाला पहिलीत बसवले. तिथे मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. मारून झालेल्या रिव्हेटच्या शेपटीची रुंदी दांड्याच्या दीडपट हवी आणि उंची निम्मी. कमी ठोकली तर भोक भरत नाही, जास्त ठोकली तर धातू कडक होऊन तडकतो. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या जाडीच्या किमान दुप्पट आत हवा, नाहीतर कड फाटते. प्रत्येक भोकाची, प्रत्येक कडेची बर, म्हणजे कंगोरा, हाताने काढायचा. हजारो भोके, दोन्ही बाजूंनी. मावशी दुपारी खुर्ची टाकून बसायची आणि गहू निवडावेत तसे कडेवर बोट फिरवून "इथं लागतंय रे अजून" असे सांगायची. तिची बोटे आमच्या दोघांपेक्षा चांगली.

सरावात एक चूक केली, तिच्याबद्दल मात्र जरा थांबून सांगतो. रिव्हेटचे डोके पत्र्याशी सपाट बसावे म्हणून दोन उपाय असतात. पत्रा जाड असेल तर भोकाचे तोंड तिरपे कापायचे, त्याला काउंटरसिंक म्हणतात. पत्रा पातळ असेल तर कापायचे नाही, साच्यात दाबून गालावरच्या खळीसारखी खळी पाडायची. मला कापणे हातातले. मी पातळ पत्र्यालाही कापून दिले. वरून पाहिले तर इतके सुबक की दादाला हाक मारली. त्याने पत्रा उलटा केला आणि भोकाच्या कडेवरून माझे बोट फिरवले. बोट कापले. कापत कापत मी पूर्ण जाडी खाल्ली होती आणि भोकाची खालची कड चाकूच्या धारेसारखी झाली होती.

अशा धारेमुळे काय होते, याचे उदाहरण जगाने पाहिले आहे. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ विमानाचे छत चोवीस हजार फुटांवर उडून गेले. सुमारे अठरा फूट लांबीचे. प्रवासी उघड्या आकाशाखाली बसून होते. वैमानिकांनी ते विमान माउई बेटावर उतरवले; पंचाण्णव जणांपैकी एक हवाई परिचारिका मात्र बाहेर ओढली गेली ती गेलीच. त्या विमानाचे पत्रे जिथे एकावर एक जोडलेले होते तिथे पत्रा एक मिलीमीटरपेक्षाही पातळ होता आणि काउंटरसिंकने भोकाची कड धारेसारखी झाली होती. पत्रे एकमेकांना चिकटवणारा थर सुटला, सगळा भार रिव्हेटांवर आला आणि शेजारशेजारच्या भोकांतून बारीक तडे निघाले. ते एकमेकांना मिळाले. जवळजवळ नव्वद हजार उड्डाणे झालेले विमान होते ते. सागरी हवा, गंज, तपासणीतल्या उणिवा, इतर कारणेही होतीच. पण मी त्या दिवशी माझ्या बोटाला पट्टी लावली आणि तो सबंध अहवाल वाचत बसलो.

आता जे सांगायचे म्हणून उभा राहिलो ते सांगतो.

तिसऱ्या आठवड्यात दादा कामावर गेला होता आणि मी एकटा गॅरेजमध्ये होतो. आता हात बसला होता. रडरच्या कण्याला, म्हणजे आतल्या उभ्या पट्टीला, जिथे बिजागरीचे बेअरिंग बसते तिथे एक जाड प्लेट रिव्हेटने लावायची असते. रडर त्या बिजागऱ्यांवरच फिरतो. रिव्हेट ३.२ मिलीमीटरची. एक वाकडी बसली. ती काढायची म्हणजे डोक्याच्या मध्यावर ड्रिल करून डोके उडवायचे आणि दांडा ठोकून बाहेर काढायचा. सोपे वाटते. माझे ड्रिल मध्यावरून घसरले आणि भोक लांबट झाले. ते गोल करायला गेलो तर कडेकडे सरकले. मग मी जे केले ते सांगायला आजही जड जाते. जरा लांब रिव्हेट घेतली आणि ती बडवून बडवून फुगवली, भोक भरून जाईल अशा हिशेबाने. पुढून डोके झकास दिसत होते. मागे शेपटी तिरकी झाली होती. मी तिच्यावर हिरव्या प्रायमरचा एक हात मारला. दोन दिवसांनी वरून पत्रा बंद होणार होता. त्यानंतर ती रिव्हेट कोणालाही कधीही दिसणार नव्हती.

हे मी कुठे शिकलो, तेही सांगितले पाहिजे. शिकाऊ असताना एका वर्कशॉपमध्ये, नाव घेत नाही, माझ्या हातून एक भोक वाकडे गेले. मी प्रामाणिकपणे जाऊन सांगितले. त्या दिवशी सगळ्या शॉपसमोर माझी अशी काही शोभा झाली की विचारू नका. जेवणाच्या सुट्टीत एक जुने मिस्त्री जवळ आले, अगदी प्रेमाने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बोलते नहीं बेटा. पेंट हो जाएगा." त्यांनी मला वाचवायलाच सांगितले होते. पण ते तीन शब्द माझ्या हातात वीस वर्षे राहिले.

संध्याकाळी मावशीने थालीपीठ लावले होते. तव्यावरून काढता काढता म्हणाली, "आज तुझ्या मशीनचा आवाज एकाच जागी फार वेळ येत होता रे." मी म्हटले, हो, जरा अवघड जागा होती. ती बरं म्हणाली आणि लोण्याचा गोळा वाढला. मग सहज, दुसऱ्याच विषयावर यावे तशी म्हणाली, "तो म्हणालाय, झाल्यावर पहिल्यांदा मलाच नेणार. मी म्हटलं, मला साडी सावरून चढता आलं म्हणजे झालं."

अर्धे थालीपीठ तसेच ठेवून मी बाहेर गॅरेजमध्ये गेलो. दादा आला तेव्हा त्याने बूटही काढले नव्हते. मी म्हटले, दादा, एक भोक बिघडवलं आणि झाकलं.

तो रागावला नाही. "कुठलं?" एवढेच विचारले. टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरचा असतो तसला छोटा आरसा आणला. मागून पाहिले. पट्टी लावून कडेपासूनचे अंतर मोजले. ते दुपटीपेक्षा कमी भरले. म्हणाला, "कणाच बदलू. आणि प्लेटही." मी म्हटले, अरे, एका रिव्हेटसाठी? त्यावर त्याने मला भिंतीकडे नेले. तिथे खिळ्याला तारेत ओवलेले काही तुकडे लटकत होते. मला वाटले होते, रद्दी आहे. ते सगळे त्याच्या स्वतःच्या हातचे बिघडलेले भाग होते. अकरा. प्रत्येकावर मार्करने तारीख आणि काय चुकले ते. एका फासळीला दोन भोके एकमेकांत मिसळून इंग्रजी आठ झालेला. एक पट्टी उलट्या बाजूने वाकवलेली. एका पत्र्यावर वरचे प्लास्टिक कापताना ब्लेडची रेघ उमटलेली. मी तीन आठवडे ते रोज पाहत होतो आणि एकदाही विचारले नव्हते.

मी म्हटले, तुझा तो खड्डा राहू दे म्हणालास, मग ही का नको? तो म्हणाला, "खड्डा रोज दिसेल. वाढला तर कळेल. ही आत जाणार."

व्हॅन्सची फॅक्टरी ऑरोरा गावात, दादाच्या घरापासून तासाभरावर. दुसऱ्या दिवशी जाऊन आम्ही नवा कणा आणि प्लेट घेऊन आलो. काउंटरवरच्या माणसाने काहीही विचारले नाही, रोजचीच गिऱ्हाईके असावीत. पैसे मी देऊ केले, दादाने घेतले. मला ते आवडले. भोके साफ करणे, खळ्या, प्रायमर, पुन्हा सगळ्या रिव्हेट, यात माझ्या रजेतला एक आठवडा गेला. बांधणीची वही असते, फोटोंसकट रोजचे काम लिहायचे, कारण निम्म्याहून अधिक काम स्वतः केल्याचा पुरावा तोच. त्यात दादाने लिहिले, "भोक बिघडले, कणा बदलला." कोणाच्या हातून, ते लिहिले नाही. मी खाली माझे नाव घातले.

परत येताना विमानात, आणि नंतर इथे घरी, मी एका जुन्या अपघाताबद्दल जे मिळेल ते वाचून काढले. १२ ऑगस्ट १९८५. जपान एअरलाइन्सचे जम्बो जेट टोकियोहून ओसाकाला निघाले. पाचशे चोवीस माणसे. बारा मिनिटांनी शेपटीकडचा हवेचा दाब धरणारा घुमट फुटला, उभी शेपटी तुटली, नियंत्रणाचे सगळे तेल वाहून गेले आणि अर्ध्या तासाने विमान डोंगरावर आदळले. चार जणी वाचल्या. पाचशे वीस माणसे गेली. एकाच विमानाच्या अपघातात याहून जास्त माणसे आजवर गेलेली नाहीत. कारण सात वर्षांपूर्वीचे होते. १९७८ साली ओसाकाला उतरताना त्या विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती. घुमट दुरुस्त करताना जी जोडपट्टी अखंड घालायला हवी होती ती दोन तुकड्यांत घातली गेली. वरून पाहिले तर रिव्हेटांच्या रांगा दिसत होत्या, पण जो भार दोन रांगांनी घ्यायचा तो प्रत्यक्षात एकाच रांगेवर आला. त्यानंतर विमान बारा हजारांहून जास्त वेळा उडाले आणि उतरले. बारा हजार वेळा ती एक रांग टिकली.

ज्याने ती पट्टी कापली त्याने काही झाकले असे मी म्हणत नाही. पट्टी बसत नसेल, घाई असेल, त्याला फरक कळला नसेल. पण मी तो नकाशा वहीत काढून पाहिला, तेव्हा मला माझा प्रायमरचा हात आठवला. माझी रिव्हेटही बहुधा टिकली असती. काही शे तास, काही हजार तास. हे "बहुधा" कोणी तपासायचे? साडी सावरून चढणाऱ्या मावशीने?

इथे कामावर परत आल्यावर मी माझ्या सेक्शनमध्ये खिडकीखाली एक जुने टेबल ठेवले. बिघडलेला तुकडा त्यावर ठेवायचा, खडूने तारीख आणि काय चुकले ते लिहायचे, नाव लिहायचे नाही. पहिला तुकडा मीच ठेवला, तिकडून आणलेला. महिनाभर टेबलावर तो एकटाच होता. लोक येता-जाता बघत आणि हसत. मला साहेब मंडळींनीही विचारले, हे प्रदर्शन कशाला? मी म्हटले, शिकाऊ मुलांसाठी आहे, ते खरेही आहे.

मग एकदा पाळी सुटताना एक तरुण टेक्निशियन घुटमळत उभा राहिला. नवीनच लागलेला मुलगा. म्हणाला, "सर, टेबलावर ठेवता येणार नाही, वॅगनमध्ये आहे." सेंटर पिव्हटची एक रिव्हेट ढिली होती. ती बदलण्याऐवजी त्याने छिन्नीने तिच्या डोक्याची कड भोवतीने ठोकून दाबली होती. असे केले की टिचकीला आवाज घट्ट रिव्हेटसारखा येतो. वॅगन संध्याकाळी निघायच्या यादीत होती आणि यादीवर सही माझी होती. मी हातोडी घेऊन त्याच्याबरोबर गेलो. टिचकी मारली. खरे सांगतो, मला आवाजात फरक कळला नाही. त्याने दाखवले नसते तर मी सही केली असती.

वॅगन त्या दिवशी निघाली नाही. वरून दोन फोन आले, ते मी घेतले. त्या मुलाने रात्री थांबून रिव्हेट बदलली, मी डॉली धरली. जुनी रिव्हेट कापून टेबलावर ठेवली. आता तिथे बऱ्याच वस्तू झाल्या आहेत. सगळ्याच कळवल्या जातात असा माझा दावा नाही.

दादाचे विमान अजून झालेले नाही. शेपूट पूर्ण, पंख जवळजवळ पूर्ण, मधल्या धडाचे काम चालू आहे, इंजिनाची वाट पाहणे चालू आहे. मावशी दर रविवारी फोनवर विचारते, "तू येऊन पुढचं कधी करणार?" येत्या हिवाळ्यात पंखातल्या पेट्रोलच्या टाक्या लांबीने जोडायच्या आहेत. ती लांबी चिकट, घाणेरडी आणि वासाची असते म्हणतात, हातापायाला, केसाला लागते. दादा म्हणतो, हे काम भावाशिवाय दुसरा कोणी करणार नाही. मी रजेचा अर्ज टाकला आहे.

येताना एक वस्तू बरोबर आणली आहे. ही त्या काढलेल्या कण्याची पट्टी, आणि ही तिरकी शेपटी, तिच्यावर माझा हिरवा प्रायमर अजून आहे. पुढच्या रांगेपासून मागे जाऊ द्या. बोट फिरवून बघा, पण मुलांनो, कापलेल्या टोकाकडून धरू नका, तिथली बर मी काढलेली नाही. आरतीला अजून पंधरा-वीस मिनिटे आहेत असे कार्यवाह खूण करताहेत. तोवर कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा.